दापोडीची सरकारी बाग आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन : घरच्या बागेसाठी रोप कसे निवडावे

पिंपरी-चिंचवडला आज आपण कारखान्यांची नगरी म्हणून ओळखतो. पण पवना आणि मुळा जिथे मिळतात त्या दापोडीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारची वनस्पती बाग होती. तिची धुरा सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचे काम आजही अंगणात फुलझाड लावणाऱ्याला आणि रोपवाटिका चालवणाऱ्याला उपयोगी पडेल असे आहे.

गिब्सन यांचा जन्म 1800 साली स्कॉटलंडमध्ये झाला. डॉक्टरीचे शिक्षण घेऊन 1825 च्या सुमारास ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. दख्खन आणि खानदेशात त्यांच्याकडे देवी टोचण्याचे काम होते. त्यासाठी गावोगाव फिरताना ते मराठी शिकले. कोणत्या जमिनीत काय उगवते, लोक कोणत्या झाडाचा काय उपयोग करतात, हेही त्यांना जवळून कळले.

दापोडीची बाग त्यांच्या आधीपासून होती. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828 मध्ये कॅप्टन फोर्ड यांचा इथला बंगला सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात बाग सुरू केली. 1838 मध्ये गिब्सन तिचे प्रमुख झाले. परदेशी आणि देशी झाडे लावून पाहणे, टिकतील त्यांची रोपे व बी वाटणे आणि लष्करी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पुरवणे, ही या बागेची कामे होती. चाकणच्या पुढे, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या हिवरे येथील सरकारी बागही त्यांच्याकडे होती.

1847 मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात आणि माती वाहून खाड्या गाळाने भरतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. मात्र डोंगरातील कुमरी शेतीलाही त्यांचा विरोध होता. वननियमांचा भार त्या शेतीवर जगणाऱ्यांवर पडला, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

याच काळात दापोडीत एका भारतीय चित्रकाराने तिथल्या वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढली. ती आज एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही. निवृत्तीनंतर, 1861 मध्ये, गिब्सन यांचा निकोल डाल्झेल यांच्यासोबतचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला. 1865 मध्ये दापोडीची जागा विकली गेली आणि 1867 मध्ये गिब्सन वारले. पुढे 1873 मध्ये गणेशखिंडीत नवी वनस्पती बाग उभी राहिली.

यातून आपण काय घ्यावे?

रोप आपल्या मातीत, आपल्या पाण्यावर पारखून घ्यावे, ही त्या बागेची खरी शिकवण. झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोकडचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. इथे टिकली म्हणून ती आपली झाली. नवीन जात आणली की आधी दोन-तीन रोपेच लावा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहा, मगच संख्या वाढवा. रोपवाटिकाधारकांनी तर हे न चुकता करावे, कारण आपल्याकडचे रोप गिऱ्हाइकाच्या दारी मेले तर तो पुन्हा येत नाही.

- जागा : मोगरा आणि गुलाबाला रोज किमान 5 ते 6 तास ऊन हवे. इमारतीच्या सावलीत ते वाढतात, पण फुलत नाहीत.
- जमीन : मुरमाड जागेत 2 फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन चांगली माती आणि कुजलेले शेणखत भरा. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत निचऱ्याची सोय आधी करा.
- पाणी : चुनखडीची जमीन किंवा बोअरचे जड पाणी असेल तर मोगरा व गुलाबाची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. ही लोहाची कमतरता आहे. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून सकाळी किंवा सायंकाळी फवारा.
- धूळ : रस्त्याकडेला बोगनवेल किंवा कण्हेर लावा. कण्हेर विषारी आहे. लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून ती दूर ठेवा.
- देशी झाडे : जागा मोठी असेल तर बहावा किंवा ताम्हण लावा. उन्हाळ्यात दोन्ही बहरतात आणि एकदा मुळे धरली की फार देखभाल मागत नाहीत.

गिब्सन यांनी सांभाळलेली बाग आज नाही. लावलेल्या प्रत्येक रोपाची तारीख, जागा, पाणी आणि पहिले फूल एका वहीत लिहीत चला. दोन वर्षांत आपल्या गावासाठी कोणते झाड चालते, ते तुमचीच वही सांगेल.