तुकोबांच्या पुलावरून

चेन्नईहून मामल्लपुरमकडे जाताना वाटेत कोवलम हे कोळ्यांचे गाव लागते. तेथे समुद्राजवळ कार्मेल मातेचे जुने चर्च आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने या प्रांती आल्यावर एका रविवारी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. आत तमिळ प्रार्थना चालली होती. शब्द उमगले नाहीत. परंतु भाविकांच्या मुद्रेवरील तृप्ती कळण्यास भाषेची गरज नव्हती. देवाला आळवावे ते मायबोलीतच, असे मनात आले आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे स्मरण झाले.

टिळकांचा जन्म १८६१ साली कोकणातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. कवित्वाची देणगी मोठी, परंतु चित्त अस्वस्थ. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, गावे बदलली, अंतरीची तहान भागेना. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनापाशी ते येऊन थांबले. वैऱ्यावरही प्रेम करावे, ही शिकवण त्यांच्या हृदयात खोल रुजली.

दि. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याचे मोल फार जबर होते. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. अखेर स्वतःच्या विचाराने लक्ष्मीबाईंनी १९०० साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सारा प्रवास हसतरडत उतरला आहे.

धर्म बदलला तरी टिळकांनी मराठी संतांचे बोट सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. परक्या चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी त्यांनी अभंग, ओव्या व भजने रचली. आजही ती महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंदिरांतून गायिली जातात. अहमदनगरच्या त्यांच्या घरात तरुण बालकवींनाही मायेचा आसरा मिळाला. १९१७ साली मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही. तथापि घरापासून शेकडो कोस दूर राहणाऱ्या आम्हा मराठी माणसांना या चरित्रातून एक आधार लाभतो. माणूस अंतर्बाह्य बदलला तरी त्याची मुळे तुटावीच लागतात असे नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती अभंगाची ही शिदोरी द्यावी, एवढीच आमची विनंती.