अदब शिकवणारे सर सय्यद

सर सय्यद अहमद खान म्हटले की अलीगढ आणि इंग्रजी शिक्षण आठवते. पण नव्या मुलांना उठायचे कसे, बसायचे कसे, बोलायचे कसे, हे शिकवण्यावर त्यांनी किती जोर दिला, ते आपण विसरतो.

त्यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांनी एका म्हाताऱ्या नोकराला थप्पड मारली. आई अझीझुन्निसा यांनी त्यांना थेट घराबाहेर काढले. नोकराची माफी मागितली, तेव्हाच घरात घेतले. तरबियतीचा पहिला धडा हा असा मिळाला.

१८६९ मध्ये ते इंग्लंडला गेले. केंब्रिजमध्ये त्यांनी पाहिले की मुले नुसती वर्गात शिकत नाहीत; एकत्र राहून, एकत्र जेवूनही शिकतात. परतल्यावर १८७० मध्ये त्यांनी ‘तहजीबुल अखलाक’ हे मासिक काढले आणि जेवणाच्या रीतीवरही लिहिले. लोक हसले. काफिर ठरवणारे फतवेही निघाले. सर सय्यद मागे हटले नाहीत. १८७५ मध्ये अलीगढला मदरसा सुरू झाला आणि १८७७ मध्ये कॉलेजची पायाभरणी झाली.

बोर्डिंगमध्ये नवाबाचा मुलगा आणि कारकुनाचा मुलगा एकाच जेवणघरात बसू लागले. काळा कोट, लाल तुर्की टोपी. नमाजची वेळ ठरलेली. १८८४ मध्ये वादविवादासाठी सिडन्स युनियन क्लब निघाला. तिथे दुसऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे, मग उत्तर द्यायचे, ही सवय लागली. १८९० मध्ये अंजुमन-अल-फर्ज स्थापन झाली. चांगल्या घरची मुले गरीब सोबत्यांच्या फीसाठी दारोदार वर्गणी मागू लागली. कॉलेजसाठी खुद्द सर सय्यद उतारवयात रंगमंचावर उभे राहिले होते, मग मुलांना कसली लाज?

कॉलेजात हिंदू मुलेही शिकत. कॉलेजचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद होते.

२७ मार्च १८९८ रोजी सर सय्यद गेले. १९२० मध्ये त्यांच्या कॉलेजचे विद्यापीठ झाले.

आज कॉलेजात नवा मुलगा आला की काही ठिकाणी अदब शिकवण्याच्या नावाखाली त्याचा अपमान होतो. त्याला रॅगिंग म्हणतात, तरबियत नव्हे. आपण शिक्षकांनी आणि पालकांनी मुलांना एवढे तरी सांगू या: काटा-चमचा धरता आला म्हणजे अदब आली असे नाही. शिपायाशी, मेसमधल्या वाढप्याशी आणि आपल्याहून लहानाशी आपण कसे बोलतो, खरी परीक्षा तिथेच आहे.