डॉ. भाऊ दाजी लाड : एका लोकनेत्याची घडण

पेडणे महालातील मांद्रे या गावाने एकोणिसाव्या शतकातील मुंबईस जे नररत्न दिले, त्याचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जग त्यांना डॉ. भाऊ दाजी या नावाने ओळखते. सारस्वत कुळात, अत्यंत साधारण स्थितीत त्यांचा जन्म झाला. पोटापाण्यासाठी वडिलांनी मुंबईची वाट धरली आणि तेथे मातीच्या मूर्ती व बाहुल्या विकून संसार चालविला. बुद्धिबळातील या बालकाचे असामान्य कौशल्य गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांच्या दृष्टीस पडले व त्यांनीच मुलास इंग्रजी शिक्षण देण्याचा सल्ला वडिलांना दिला, असे सांगितले जाते. घरात वैभव नाही, पाठीशी वशिला नाही, हाती अधिकार नाही. अशा मुलाने पुढे मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचे सारथ्य करावे, हे कोणत्या गुणांच्या बळावर घडले, याचा विचार उद्बोधक ठरेल.

भाऊंच्या नेतृत्वाचा पहिला आधार म्हणजे त्यांची विद्या. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन ते तेथेच अध्यापक झाले. काठेवाड व कच्छ या प्रांतांतील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधास पारितोषिक मिळाले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होताच अध्यापकाची स्थिर नोकरी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले आणि १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या साहाय्याने त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांच्या वाड्यांत त्यांना मान होता, तसाच दरिद्री रोग्यांच्या मनात विश्वास होता. लोकांनी त्यांचे ऐकावे असे वाटण्यापूर्वी त्यांनी लोकांची दुःखे ऐकली होती.

दुसरा गुण अधिक दुर्मीळ होता. पहिले स्थान न मिळताही पहिल्या प्रतीचे काम करण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तेव्हा अध्यक्षपद नाना शंकरशेट यांच्याकडे गेले व भाऊंनी चिटणिसाचे कष्टप्रद काम पत्करले. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाच्या वेळी हिंदी प्रजेची गाऱ्हाणी ब्रिटिश पार्लमेंटपुढे अर्जाद्वारे मांडली गेली, त्यामागे संस्थेच्या चालकांचे अपार परिश्रम होते. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयासाठीही त्यांनी वर्षानुवर्षे असेच चिटणिसाच्या नात्याने झटून काम केले. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या त्या संग्रहालयास १९७५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. स्त्रीशिक्षणाच्या कार्यातही ते अग्रभागी होते. मित्रांनी व चाहत्यांनी निधी उभारून मुलींच्या एका शाळेस त्यांचे नाव दिले, हा त्या कार्याचाच गौरव होय.

तिसरा गुण माणसे पारखण्याचा. प्राचीन शिलालेख व नाणी यांच्या संशोधनाचा भाऊंना विलक्षण ध्यास होता. अजिंठ्याच्या लेखांचे त्यांनी वाचन केले आणि कालिदासाच्या कालनिर्णयावर विद्वत्तापूर्ण निबंध लिहिला. परंतु वैद्यकीच्या व्यापात सर्वत्र हिंडणे त्यांना शक्य नव्हते. जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुणाची योग्यता ओळखून त्यांनी त्याला मुंबईस आणविले, स्वखर्चाने देशोदेशी पाठवून शिलालेखांचे ठसे व प्रती घेण्यास लावले. पुढे भगवानलाल हे थोर पुरातत्त्ववेत्ते म्हणून विख्यात झाले. आपल्यापेक्षा एखाद्या क्षेत्रात पुढे जाईल अशा माणसाला हात देण्यास मन मोठे लागते.

या सर्व गुणांची कसोटी १८६२ मध्ये लागली. वल्लभ संप्रदायाच्या काही महाराजांच्या आचरणावर करसनदास मुळजी यांनी आपल्या पत्रातून कठोर टीका केली होती. त्यावरून एका महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. धनिक व प्रतिष्ठित भाविकांचा मोठा समूह महाराजांच्या पाठीशी होता. अशा वेळी प्रतिष्ठित वैद्याने मौन पाळले असते तर त्यास कोणी दोष दिला नसता. भाऊंनी मात्र न्यायासनापुढे उभे राहून आपल्याला ठाऊक असलेले सत्य सांगितले. त्यांचा रोष धर्मावर नव्हता. धर्माच्या नावाने मिळालेल्या अधिकाराला आचरणाचे बंधन असावे, एवढेच त्या साक्षीतून सिद्ध झाले. बदनामीच्या मुख्य आरोपातून करसनदास मुक्त झाले.

दैवाने त्यांना दुसऱ्या बाजूनेही पारखले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारास आलेल्या तेजीत सारी मुंबई शेअरांच्या मोहात सापडली. भाऊही त्यातून सुटले नाहीत. १८६५ मध्ये तो डोलारा कोसळला आणि त्यांची बरीचशी संपत्ती गेली. सावध वैद्याकडून झालेली ही चूकच होती. परंतु त्यामुळे त्यांनी सार्वजनिक कार्यातून अंग काढून घेतले नाही. १८६९ व १८७१ या वर्षी ते मुंबईचे शेरीफ झाले. संपत्ती गेल्यावरही पत राहिली, हे त्यांच्या चारित्र्याचे फळ होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात कुष्ठरोगावरील औषधाचा शोध हा त्यांचा ध्यास बनला होता. अनेक रोग्यांवर त्यांनी उपचार केले. मात्र पूर्ण खात्री झाल्यावाचून औषधाचे रहस्य प्रकट न करण्याचा त्यांचा निश्चय होता. इतक्यात अर्धांगवायूने त्यांना गाठले आणि मे १८७४ मध्ये त्यांची जीवनयात्रा संपली. ते कार्य त्यांच्या हातून पूर्णत्वास गेले नाही. शिलालेखांच्या कार्यास भगवानलालांसारखा वारस त्यांनी घडविला होता. औषधाच्या कार्यास तसा घडविण्यास काळाने अवधी दिला नाही.

देवस्थानाचा कारभार असो वा नगराचा, तो पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव असतो. ती सांभाळणाऱ्यांना भाऊंच्या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. मानाच्या आसनापेक्षा कामाला महत्त्व द्यावे, स्वकीयांच्या रोषालाही न भिता सत्य सांगावे आणि आपल्या हयातीतच पुढची माणसे तयार करावी. मांद्र्याच्या एका निर्धन घरातून निघालेला मुलगा या गुणांच्या बळावर लोकनेता झाला. गोमंतकाला त्याचा अभिमान वाटावा, हे यथायोग्यच आहे.