मेंदूतल्या व्रणांचा माग

अपस्माराची फीट येते तेव्हा मेंदूतल्या चेतापेशी एकाच वेळी अनावर विद्युत्संदेश सोडू लागतात. हा कल्लोळ नेमका कुठून उठतो, याचा शोध डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी आयुष्यभर घेतला.

त्यांचा जन्म १८९१ मध्ये अमेरिकेतील स्पोकेन शहरात झाला. ऑक्सफर्डला चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे ते मज्जासंस्था शिकले. त्या काळी चेतापेशींभोवतालच्या ग्लिया पेशींना नुसता भराव समजत. पेनफिल्ड मात्र १९२४ मध्ये माद्रिदला गेले आणि पिओ देल रिओ ओर्तेगा यांच्याकडून चांदीच्या क्षारांनी या पेशी रंगवण्याची पद्धत शिकले. १९२८ मध्ये ब्रेस्लाऊला ओटफ्रिड फोर्स्टर अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले जुने व्रण कापून काढत. पेनफिल्ड यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशींचे दाट जाळे दिसले.

त्याच वर्षी ते माँट्रियलला आले. डिसेंबरात त्यांनी स्वतःच्या बहिणीवर, रूथवर शस्त्रक्रिया केली. तिला अनेक वर्षे फिट येत होत्या. मेंदूत मोठी गाठ निघाली, पण ती पूर्ण काढता आली नाही. रूथ घरी परतली, नीट बोलू-वागू लागली. तरी पाच जणांचा स्वयंपाक करायचा तर काय आधी, काय नंतर, हे तिला ठरवता येईना. पुढे गाठ पुन्हा वाढली आणि ती गेली. विविध शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली आणायचेच, हा पेनफिल्ड यांचा निर्धार त्यानंतर पक्का झाला.

रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने १९३४ मध्ये माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून तिथे केवळ जागा बधिर करून, रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया होई. मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह देताच कुणाचे बोट हले, कुणाला गाणे ऐकू येई. त्यावरून कोणता भाग काढायचा आणि कोणता जपायचा, हे ठरे.

पेनफिल्ड १९७६ मध्ये वारले. पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या अशाच तुकड्यांत, अपस्माराच्या काही रुग्णांच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये काचेसारखे दिसणारे प्रथिनांचे गोळे आढळले. ते आजाराचे कारण की परिणाम, याचा निकाल लागलेला नाही. बहुतेकांच्या फिट आज औषधांनी आटोक्यात येतात. ज्यांच्या येत नाहीत, त्यांच्यापैकी काहींना शस्त्रक्रियेचा मार्ग खुला आहे.