हाफकिन आणि परळची प्रयोगशाळा

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाने माणसे पटापट मरू लागली. हा गाठीचा प्लेग आहे, हे प्रथम ओळखले ते गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी. लोक भयभीत होऊन शहर सोडू लागले. अशा वेळी एक परदेशी शास्त्रज्ञ मुंबईस येऊन दाखल झाला. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन ह्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. धर्म बदलला असता तर रशियात प्राध्यापकपदाची वाट मोकळी होती. पण ते त्यांना मानवले नाही. ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि ग्रंथालयात दुय्यम काम पत्करून फावल्या वेळी संशोधन करू लागले. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले आणि कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांतून हिंदी डॉक्टरांसह हिंडले.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्यांनी प्लेगच्या लसीचे काम आरंभिले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते रोगजंतू वाढवीत व उष्णतेने मारीत. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःच घेतली. त्याच वर्षी पोर्तुगीज अमलाखालील दमणमध्ये दोन हजारांहून अधिक लोकांना ती टोचली गेली. १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. १९२५ पर्यंत मुंबईतून दोन कोटींहून अधिक मात्रा बाहेर पाठविल्या गेल्या.

परंतु १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने अंत झाला. दोष हाफकिन ह्यांच्या माथी मारला गेला व त्यांना परळ सोडावे लागले. खरा दोष तेथे बाटली उघडताना झालेल्या हयगयीचा होता, हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. १९२५ साली परळच्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते निवर्तले.

विद्यार्थी मित्रहो, ह्या चरित्रातील एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. जेथे रोग होता तेथेच लस तयार झाली; म्हणून आपल्या गरीब देशाला दुसऱ्याच्या दाराशी तिष्ठत बसावे लागले नाही. कोरोनाच्या साथीत सर्वांचे भाग्य असे नव्हते. श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या लोकसंख्येला पुरून उरतील इतक्या मात्रा आगाऊ राखून ठेवल्या. आफ्रिका खंड जवळजवळ सर्वच लसी बाहेरून आणीत असे. २०२१ साल संपले तेव्हा तेथे दहांतील एकाचेही लसीकरण पुरे झाले नव्हते. लसीवरील एकाधिकार तात्पुरते शिथिल करावेत, असा प्रस्ताव भारत व दक्षिण आफ्रिका ह्यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला होता. त्यावर निर्णय होण्यास २०२२ चा जून उजाडला, आणि तोही तोकडाच ठरला.

औषधाचा शोध लागणे ही अर्धीच वाट होय. ते गरिबाच्या दंडापर्यंत वेळेवर पोहोचले, तरच ती पुरी होते. हाफकिन ही उरलेली वाटही स्वतः चालले. त्यांची थोरवी ह्यातच आहे.