मालगुडी वसवणारा माणूस

बंगळूरला पहिल्यांदा गेलेल्या विदर्भातल्या माणसाला एका गोष्टीचे हमखास नवल वाटते. तिथल्या कितीतरी ऑटोरिक्षांच्या मागे, काचेवर, एका दाढीवाल्या तरुणाचे चित्र असते. रिक्षाथांब्यांनाही त्याचेच नाव दिलेले दिसते. एखाद्या साधुपुरुषाचा किंवा पुढाऱ्याचा फोटो असावा तसा हा फोटो रिक्षावाले जपतात. हा कोण, असे विचारले की उत्तर मिळते, शंकर नाग. १९८० साली आलेल्या 'ऑटो राजा' या कन्नड चित्रपटातला त्यांचा रिक्षावाला तिथल्या रिक्षावाल्यांनी घरच्या माणसासारखा आपलासा केला, तो आजतागायत.

आपल्याकडे हे नाव उच्चारले तर बहुतेकांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण उमटत नाही. पण 'मालगुडी डेज' म्हणा, आणि पन्नाशीच्या आतबाहेरचा कुणीही माणूस ती सुरावट लगेच गुणगुणायला लागेल. स्वामी, त्याचे मित्र, त्याचे कडक शिस्तीचे वडील, आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे, सारे आठवेल. ज्या माणसाने हे गाव पडद्यावर वसवले तो आणि रिक्षाच्या काचेवरचा दाढीवाला एकच, हे मात्र ठाऊक नसते. आणि या माणसाने नाटकाची धुळाक्षरे मुंबईत, मराठी रंगभूमीच्या सहवासात गिरवली, हे तर त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे.

शंकर नाग यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५४ चा, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या होन्नावरकडचा. कारवारपासून खाली उतरत जाणारी ही किनारपट्टी म्हणजे कोकणी, कन्नड आणि मराठी यांची सरमिसळ. घराण्याचे आडनाव नागरकट्टे, घरची भाषा कोकणी. या भागातल्या अनेक कुटुंबांप्रमाणे ही मुलेही शिक्षणासाठी मुंबईला आली. थोरले भाऊ अनंत नाग आधी नाटकात रमले, मग श्याम बेनेगल यांच्या १९७४ च्या 'अंकुर'मधून देशाला माहीत झाले. सहा वर्षांनी धाकटा शंकरही त्याच वाटेने निघाला.

सत्तरच्या दशकातली मुंबईची रंगभूमी आठवून पाहा. तेंडुलकर, एलकुंचवार, दळवी लिहीत होते. विजया मेहता आणि सत्यदेव दुबे नाटके बसवत होते. मराठी, हिंदी, गुजराती नाटकवाल्यांची एकमेकांच्या तालमींना ये-जा असे. महाविद्यालयीन नाटकांच्या याच वर्तुळात शंकरची गाठ अरुंधती राव या तितक्याच नाटकवेड्या मुलीशी पडली. मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही रंगमंचांवर वावरणारी ही मुलगी पुढे त्यांची पत्नी झाली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी चापेकर बंधूंवर काढलेला '२२ जून १८९७' हा चित्रपट जुन्या रसिकांच्या स्मरणात असेल. १९७९ च्या त्या चित्रपटाच्या पटकथालेखनात शंकर नाग यांचा वाटा होता. म्हणजे आपल्या मराठी चित्रपटाच्या इतिहासातही या माणसाची एक ओळ आहेच.

कन्नडमध्ये त्यांना नेले ते गिरीश कार्नाड यांनी. मध्ययुगातल्या भाडोत्री सैनिकांची कथा सांगणारा 'ओंदानोंदु कालदल्ली' हा कार्नाडांचा चित्रपट १९७८ चा. त्यातल्या तरण्याबांड योद्ध्याच्या भूमिकेसाठी शंकर नाग यांना १९७९ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. वय अवघे चोवीस. मुंबईला परतून हिंदी सिनेमाचे दरवाजे ठोठावणे सोपे होते, थोरल्या भावाची ओळखही होती. त्यांनी उलटे केले. बिऱ्हाड बंगळूरला हलवले.

पुढची बारा वर्षे या माणसाने स्वतःला जे जुंपून घेतले त्याला तोड नाही. ८० हून अधिक चित्रपटांत त्यांनी कामे केली. त्यातले बरेचसे मारधाडीचे आणि गल्लाभरू होते, आणि ते तसे नव्हते असे भासवण्यात अर्थ नाही. कराटेच्या हाणामाऱ्या, उड्या, पाठलाग. त्या पैशातून आणि त्या लोकप्रियतेच्या जोरावर मग आपल्या मनातले करायचे, असा त्यांचा हिशेब होता. 'मिंचिन ओट' हा भुरट्या चोरांवरचा चित्रपट त्यांनी १९८० साली दिग्दर्शित केला आणि कर्नाटक राज्याच्या पुरस्कारांत त्याने बाजी मारली. १९८५ चा 'ॲक्सिडेंट' नशेत गाडी चालवून फुटपाथवर झोपलेल्यांना चिरडणाऱ्या एका पुढाऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगतो. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आज वर्तमानपत्रात अशी बातमी आली की तो चित्रपट हटकून आठवतो.

नाटक तर सुटलेच नव्हते. 'संकेत' या नाट्यसंस्थेतर्फे त्यांनी कार्नाडांची 'अंजुमल्लिगे' आणि 'नागमंडल' ही नाटके केली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे जयवंत दळवींची 'बॅरिस्टर' आणि 'संध्याछाया' ही दोन नाटकेही याच संस्थेने कन्नडमध्ये उभी केली. मुंबईहून निघताना हा माणूस रिकाम्या हाताने निघाला नव्हता.

आता मालगुडीकडे येऊ. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले, १९८४ साली 'हमलोग' सुरू झाली. त्याच वर्षी काही महिने तर रोज एक या वेगाने देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली आणि टीव्ही शहराबाहेर पडला. मालिका म्हणजे एकाच कुटुंबाची लांबत जाणारी कहाणी, हे समीकरण रुजायला लागले होते. त्याच वेळी दुसरी एक जातकुळी मूळ धरत होती. दर भागात किंवा दर काही भागांनी नवी गोष्ट, नवी माणसे, नवा काळ. बासू चटर्जींची 'दर्पण', मग 'कथासागर', 'एक कहानी', आणि १९८८ साली बेनेगलांची 'भारत एक खोज', जिच्यात वेदकाळापासून स्वातंत्र्यापर्यंतची सारी युगे नाट्यरूपात आली. मुंबई दूरदर्शनच्या नाटिकांवर वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला ही रीत नवी नव्हती. करणाऱ्याला मात्र ती घाम फोडणारी. कौटुंबिक मालिकेत एकदा दिवाणखाना उभा केला की वर्षभराची निश्चिंती. इथे दर गोष्टीला नवे नट, नवे कपडे, नवी जागा. आणि पुढच्या आठवड्यात काय होणार, या उत्सुकतेवर प्रेक्षकाला बांधून ठेवण्याचीही सोय नाही.

या सगळ्या मालिकांत 'मालगुडी डेज' वेगळी ठरली, कारण तिच्यात गोष्टी बदलत आणि गाव तेच राही. आर. के. नारायण यांनी १९३५ च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स' या कादंबरीपासून हे काल्पनिक गाव लिहायला घेतले होते. सरयू नदी, बाजार, शाळा, स्टेशन, नगरपालिका. त्यांच्या 'गाइड' कादंबरीवर १९६५ साली हिंदी चित्रपट निघाला तेव्हा त्यांचे दक्षिणेतले गाव उचलून थेट राजस्थानात नेऊन ठेवण्यात आले होते. नारायण यांना ते फार लागले आणि त्यांनी त्यावर लेखही लिहिला. अशा दुखावलेल्या लेखकाची परवानगी मिळवणे आणि मग ती सार्थ ठरवणे, हे निर्माते टी. एस. नरसिंहन आणि शंकर नाग यांच्यापुढचे काम होते.

स्टुडिओत गाव उभारायचे नाही, हा पहिला निर्णय. शिमोगा जिल्ह्यात पश्चिम घाटाच्या माथ्यावर आगुंबे नावाचे खेडे आहे, प्रचंड पावसासाठी नावाजलेले. तिथला रस्ता, तिथली कौलारू घरे, 'दोड्डमने' नावाचा जुना चौसोपी वाडा त्यांनी निवडला. कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनी दुकानांच्या पाट्या आणि लॉली साहेबाचा पुतळा असे करत आगुंबेचे मालगुडी केले. रेल्वेचे प्रसंग अरसाळूच्या छोट्या स्टेशनावर झाले. गावातल्याच लोकांना पडद्यावर आणले. सुरुवातीचे तेरा भाग इंग्रजीत आणि हिंदीत असे दोनदा चित्रित झाले, म्हणजे प्रत्येक प्रसंग दोन भाषांत. शंकर नाग यांनी एकूण ३९ भाग केले. एल. वैद्यनाथन यांनी संगीत दिले. नारायण यांचे धाकटे भाऊ लक्ष्मण यांची चित्रे शीर्षकात आली. लेखक भावालाही हे मालगुडी पसंत पडले.

या ३९ भागांत किती तऱ्हा आहेत पाहा. मास्टर मंजुनाथने केलेल्या स्वामीची निखळ बालकथा. जत्रेतल्या सोडतीत चक्क रस्त्याचा रूळ फिरवणारे इंजिन बक्षीस मिळाल्याने देशोधडीला लागण्याची पाळी आलेला बापडा. घोड्याचा पुतळा विकत मागणारा अमेरिकन आणि आपल्या बकऱ्या विकल्या गेल्या असे समजणारा म्हातारा, दोघांना एकमेकांचे अवाक्षर कळत नाही. स्वातंत्र्यानंतर रस्त्यांची नावे बदलण्याचा सपाटा लावणारी नगरपालिका, जी पाहून आपल्या विदर्भातल्या कुठल्याही पालिकेतला सदस्य गालात हसला असता. आणि तो पोस्टमन थानप्पा. ओळखीच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले, हा मुहूर्त हुकला तर पुढचा लांबणीवर, आणि नेमकी तेव्हाच नातेवाइकाच्या मृत्यूची तार येते. थानप्पा ती खिशातच ठेवतो. लग्न पार पडते. मग तो नोकरीवर पाणी सोडण्याच्या तयारीने ती तार घेऊन यजमानासमोर उभा राहतो. खलनायक नाही, रडारड नाही, पार्श्वसंगीताचा कल्लोळ नाही. माझ्या मते हिंदी दूरदर्शनवर इतक्या कमी अवजारांत इतका मोठा पेच क्वचितच मांडला गेला असेल. सगळेच भाग या उंचीचे नाहीत. 'मिठाईवाला' ही अनंत नाग यांची लांबलेली कथा मधे रेंगाळते, हिंदी संवादही कुठे कुठे पुस्तकी वाटतात. पण त्या रेंगाळण्यातही गावाची चाल आहे.

मौद्यासारख्या गावात हे सारे का भिडले असेल, हे सांगायला फार खोलात जायला नको. नागपूर-भंडारा रस्त्यावरचे, कन्हानच्या काठचे हे गाव. मालगुडीला सरयू, मौद्याला कन्हान. त्या काळात अशा गावांत छपरावर ॲल्युमिनियमचा अँटेना नागपूरच्या दिशेने वळवायचा आणि ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी आळीतल्या पोरांनी गर्दी करायची. नागपूरकडे हिंदी परकी नाही, तेव्हा भाषेची अडचण नव्हती. आणि सावकार, मास्तर, पोस्टमन, बाजाराचा दिवस, शाळा चुकवणारा पोरगा ही माणसे ओळखायला कुणाला मालगुडी कुठल्या राज्यात आहे हे विचारावे लागले नाही. मुंबई-दिल्लीच्या दिवाणखान्यांतल्या मालिका पाहताना हा प्रेक्षक पाहुणा असे. इथे तो घरचा होता.

एवढी संथ मालिका करणारा माणूस स्वतः मात्र क्षणभर स्वस्थ बसणारा नव्हता. बंगळूरच्या चित्रपटवाल्यांना ध्वनिमुद्रणासाठी मद्रासकडे धाव घ्यावी लागे, म्हणून त्यांनी तिथेच संकेत स्टुडिओ काढला. १९८७ साली डॉ. राजकुमार यांना घेऊन स्टाइनबेकच्या कथेवर 'ओंदु मुत्तिन कथे' केला, त्यात पाण्याखालची दृश्ये टिपली. बंगळूरला मेट्रो रेल्वे हवी, नंदी टेकडीवर रोपवे हवा, गरिबांना स्वस्तात आणि झटपट घरे बांधून द्यायला हवीत, या योजना तो ऐंशीच्या दशकात घेऊन फिरत होता. ऐकणाऱ्यांना तेव्हा त्या नटाच्या लहरी वाटल्या असतील. बंगळूरला मेट्रो धावली ती २०११ साली.

३० सप्टेंबर १९९० च्या पहाटे शंकर नाग पत्नी आणि लहानग्या काव्यासह मोटारीने उत्तर कर्नाटकात लोकापूरकडे निघाले होते. चंद्रशेखर कंबार यांच्या 'जोकुमारस्वामी' नाटकावरील चित्रपटाचे चित्रीकरण तिथे होते. पुणे-बंगळूर महामार्गावर, दावणगेरेजवळच्या आनगोडु गावापाशी मोटारीची लॉरीशी टक्कर झाली. शंकर नाग गेले. त्यांचा ३६ वा वाढदिवस चाळीस दिवसांवर होता. काव्या वाचली. अरुंधतींना झालेल्या जखमा इतक्या गंभीर होत्या की अंथरुणातून उठून पुन्हा पायांवर उभे राहायलाच त्यांना दीर्घ काळ लागला.

त्या उभ्या राहिल्या आणि रंगमंचावर परतल्या. बंगळूरमध्ये नाटकासाठी, फक्त नाटकासाठी, एक चांगले आणि सामान्य माणसाला परवडणारे थिएटर असावे, हे दोघांचे जुने स्वप्न होते. सरकारकडून जागा मिळवणे, देणग्या गोळा करणे, बांधकाम, यात वर्षांमागून वर्षे गेली. अखेर २८ ऑक्टोबर २००४ ला जे. पी. नगरात 'रंग शंकरा' उघडले. मुंबईच्या तालमींत भेटलेल्या दोघांपैकी जी मागे राहिली तिने ते बांधून पुरे केले. तिकीट थोडके आणि पडदा ठरल्या वेळेला, हे तिथले नियम. उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, मग तो कितीही मोठा असो.

आगुंबेला २००६ साली पुन्हा कॅमेरा आला. कविता लंकेश यांनी मालगुडीचे आणखी पंधरा भाग केले. अरसाळूच्या जुन्या स्टेशन इमारतीत रेल्वेने मालगुडीचे संग्रहालय थाटले आहे.