नगरपालिकेतले जोतीराव

महात्मा जोतीराव फुले म्हटले की आपणा भगिनींच्या डोळ्यांपुढे भिडेवाड्यातली मुलींची शाळा उभी राहते. सावित्रीबाई आठवतात, त्यांच्या अंगावर लोकांनी टाकलेले शेण आठवते. दर वर्षी ३ जानेवारीला आपल्या मंडळात सावित्रीबाईंची जयंती होते, तेव्हा हे सारे आपण ऐकतो आणि घरी गेल्यावर मुलींना सांगतो. म्हणून या स्मरणिकेत मी जोतीरावांच्या आयुष्यातला जरा वेगळा भाग सांगणार आहे. ते सहा-सात वर्षे पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. शहराचा पैसा कुठे खर्चावा, कुठे खर्चू नये, हे जिथे ठरते त्या सभेत ते बसत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा वाचकांनी विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. पण घरखर्चाची वही मी वीस वर्षांहून अधिक काळ लिहीत आले आहे, आणि त्या वहीच्या नजरेने पाहिले तर हा भाग मला फार जवळचा वाटतो.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या कामामुळे फुले हे नाव पडले. वडील गोविंदराव यांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा होता. आई चिमणाबाई जोतीराव वर्षाचेही झाले नसतील तोच वारल्या. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. शिकून मुलगा कामातून जाईल असे कुणीतरी गोविंदरावांच्या मनात भरवले आणि मुलाची शाळा सुटली. हाती खुरपे आले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या शेजारच्या दोन सद्‌गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली म्हणून जोतीराव १८४१ मध्ये पुन्हा शाळेत गेले. शाळा एकदा सुटली की काय होते हे ज्याने सोसले, तो माणूस पुढे प्रत्येक खर्चाच्या वेळी शाळेचीच आठवण का काढत असे, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

१८४८ ची मुलींची शाळा, त्यापायी सोडावे लागलेले वडिलांचे घर, १८६३ चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८७३ चा सत्यशोधक समाज, हे सर्व आपणांस ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र इथे सांगितली पाहिजे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बंधुभगिनींना खुला केला. शहरात पाणी होते, पण ते सर्वांना भरता येत नव्हते. जे काम सगळ्या शहराने करायचे ते त्यांनी आधी स्वतःच्या अंगणात केले. पाण्याच्या रांगेत दोन हंडे घेऊन ज्या उभ्या राहिल्या असतील त्यांना या गोष्टीचे मोल अधिक कळेल.

जोतीराव चरितार्थासाठी कंत्राटदारीही करीत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी दगड पुरवला. मांजरीला त्यांची शेती होती. त्यामुळे बांधकामाचा पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो हे त्यांनी जवळून पाहिले होते.

१८७६ साली सरकारने त्यांना पुणे नगरपालिकेवर नेमले. त्या वेळी आजच्यासारखी निवडणूक नव्हती. सभासद सरकार नेमी आणि त्यांत वजनदार, पैसेवाल्या मंडळींचा भरणा असे. साहेबाने म्हणावे आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, असा बहुतेक कारभार. त्याच सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. माणसे गुरेढोरे सोडून शहरांकडे निघाली. सत्यशोधक मंडळींनी १८७७ साली धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम काढला. जोतीराव सभेत येऊन बसत तेव्हा ही उपाशी मुले त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नसतील, असे मला वाटते.

लॉर्ड लिटन हे १८७६ ते १८८० या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. दुष्काळ पडला तोही त्यांच्याच अमदानीत. या लिटन साहेबांच्या पुणेभेटीचा प्रसंग आला तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी व मानपत्रासाठी नगरपालिकेच्या तिजोरीतून हजार रुपये खर्चावे असा विचार सभेपुढे आला. त्या काळचे हजार रुपये म्हणजे काही थोडेथोडके नव्हेत. जोतीरावांचे म्हणणे सरळ होते. हा पैसा गोरगरिबांनी भरलेल्या पट्टीचा आहे, तो त्यांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावा. मत घेण्याची वेळ आली तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे निघाले. ठराव अर्थातच मंजूर झाला.

इथे थोडे माझे सांगते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती. पुढची शाळा दोन कोस लांब, वाटेत ओढा, आणि मुलीला एकटी पाठवायला घरचे तयार नव्हते. आठवीचा वर्ग गावातच काढावा म्हणून अर्ज गेले, तर पैसा नाही असे उत्तर आले. त्याच वर्षी गावच्या वेशीवर सिमेंटची मोठी कमान उभी राहिली आणि तिच्या उद्घाटनाला बाहेरून पाहुणे आले. कमान चांगली आहे, अजून उभी आहे. माझ्याबरोबरच्या सहा मुलींची शाळा मात्र त्या वर्षी संपली. त्यामुळे लिटन साहेबांच्या हजार रुपयांची हकीगत वाचली तेव्हा मला ती दीडशे वर्षांपूर्वीची वाटली नाही.

दारूच्या दुकानांचे प्रकरण यापेक्षाही आपल्या घरात शिरणारे आहे. शहरात दारूची दुकाने वाढत चालली होती. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेचे त्या वेळचे हंगामी अध्यक्ष प्लंकेट यांना याबद्दल पत्र लिहिले. लोकांचे आरोग्य राखण्यासाठी नगरपालिका एका हाताने मोठा खर्च करून खाते चालवते आणि दुसरीकडे त्याच लोकांच्या आरोग्याचा आणि संसाराचा नाश करणारी दुकाने वस्तीत उघडली जातात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. गटार साफ करायचे आणि गुत्ता उघडू द्यायचा, याला कारभार म्हणायचे काय? हा प्रश्न माझा आहे, पण मला तो त्यांच्या पत्रावरूनच सुचला. नवऱ्याच्या मजुरीतले निम्मे पैसे वाटेतच संपतात त्या बाईला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

आता मंडईची गोष्ट. तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या उघड्या मैदानात भरे. उन्हापावसात माळणी बसत. तिथून उठवून भाजीबाजारासाठी मोठी दगडी इमारत बांधावी असा विषय निघाला. जोतीरावांनी त्या खर्चाला विरोध केला. एवढा पैसा आधी शिक्षणाला द्यावा, असे त्यांचे मत. भाजीवाल्याच्या मुलाने भाजीमंडईला विरोध करावा याचे प्रथम मला नवल वाटले. भाजी विकणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर आले तर वाईट काय, असेही वाटले, आणि खरे सांगायचे तर अजूनही या एका बाबतीत माझे मन पूर्णपणे त्यांच्या बाजूला जात नाही. पण शिलकीत पैसा बेताचा असला म्हणजे आधी काय आणि मग काय, एवढेच ठरवायचे असते, आणि त्यांचे आधी काय ते ठरलेले होते. पुढे मंडई झालीच. १८८६ मध्ये ती उघडली आणि गव्हर्नरच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणू लागले. नंतर आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने, तिला नाव मिळाले महात्मा फुले मंडई! मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही पुढे त्यांचेच नाव दिले गेले. आज मंडईत गेले की वाहन कुठे लावावे या चिंतेत वर मान करून ते नाव वाचायला सवड कुणाला असते?

नगरपालिकेच्या कराकडे ते शेतकऱ्याच्याही बाजूने पाहत. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात त्यांनी हे मांडले आहे की, शेतकरी गाडीभर माळवे घेऊन शहरात आला की नाक्यावर जकात द्यावी लागते, बाजारात दलाल कापून घेतो, आणि घरी जाताना त्याच्या हातात फारसे काही उरत नाही. त्याच जकातीवर शहराचे दिवे लागत आणि रस्ते होत. त्याआधी १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात, निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली होती.

सभासदत्व संपले तरी स्वभाव गेला नाही. २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या साध्या वेषात गेले आणि भर सभेत त्यांनी गरिबांच्या शिक्षणाचीच गोष्ट काढली. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे थोड्याच दिवसांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला तेव्हा डाव्या हाताने लिहून त्यांनी शेवटचे पुस्तक पुरे केले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपल्याला घराच्या मागे मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी जागाही खणून ठेवलेली होती. पण राहत्या वस्तीत पुरण्याला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. तेव्हा दहन करावे लागले. अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवे हातात धरून पुढे चालल्या. मागाहून अस्थी आणून घरामागच्या त्याच जागी ठेवल्या. पुण्याला जाल तेव्हा मंडईत भाजी घ्याच, पण फुलेवाड्यात जाऊन ती जागाही पाहून या.